पडक्या कमानी काढायला घेताना

तुमचं रेखाटन पाहिलं. कमानीची वीट न् वीट काढलीत, चिकाटी फार आवडली. पण सुरुवातीची नेहमीची चूक नेमकी हीच. १६२० च्या दशकात रोममध्ये राहिलेल्या ब्रीनबर्ख या डच चित्रकाराची रेखाटनं पाहा. पडक्या भिंतीवर ऊन आहे तिथे त्याने जवळजवळ काहीच काढलेलं नाही. कोरा कागदच ऊन होतो. म्हणून:

- प्रकाश कुठून येतो ते आधी ठरवा, उजेडाच्या जागा राखून ठेवा.
- तपकिरी शाईचा पातळ वॉश, म्हणजे पाणी मिसळलेल्या शाईचा थर, द्या. तो पूर्ण वाळल्यावरच दुसरा, गडद. घाई केलीत तर चिखल होतो.
- एक छोटा माणूस काढाच, नाहीतर कमान केवढी उंच ते कळत नाही.

दुसरी चूक म्हणजे भिंत पूर्ण करून वर वेली चिकटवणं. झुडूप भेगेतून उगवतं, त्याच्या सावलीत दगडाची कड हरवते. हरवू द्या! क्लोद लोरां या फ्रेंच निसर्गचित्रकाराच्या रेखाटनांतली झाडं बघा, पानं सुटी दिसत नाहीत, पुंजके दिसतात.

यथार्थदर्शनाची (जवळ-लांब अचूक दाखवण्याची) गणितं आणि उजेडासाठी वरून दिलेले पांढऱ्या रंगाचे उठाव सध्या बाजूला ठेवा. वहीच्या पानाएवढा कागद पुरे. पुढचं झालं की नक्की दाखवा.