'निधी मंजूर झाला' म्हणजे पैसे आले का? निधी, तरतूद आणि अनुदान यांत फरक काय?

तुम्ही विचारलंय की फलकांवर 'अमुक लाखांचा निधी मंजूर' असं लिहितात तेव्हा पैसे गावात पोचलेले असतात का. नसतात. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत माझं डिजिटल फलक छापायचं दुकान आहे, निम्मा धंदा ह्या एका शब्दावर चालतो, म्हणून राहवलं नाही.

निधी हा संस्कृत शब्द, पुल्लिंगी. अर्थ ठेवा, साठवलेलं धन. कुबेराचे नवनिधी ते हेच. 'निधी मिळाली' असं लिहून आणणाऱ्यालाही मी छापून देतो, पण मुकाट्यानं 'मिळाला' करून. सरकारी कामात ह्याचे दोन अर्थ चालतात आणि घोळ तिथंच होतो. एक म्हणजे पेटी. राज्यघटनेतला 'एकत्रित निधी' ही ती पेटी, कलम २६६. विधिमंडळानं विनियोजनाचा कायदा केल्याशिवाय त्यातला रुपया हलत नाही. दुसरा अर्थ म्हणजे त्या पेटीतनं एखाद्या कामाच्या नावावर काढून ठेवलेला वाटा. फलकावरचा निधी हा दुसरा. पण काढून ठेवलाय, काढायचं ठरलंय की नुसतं मागितलंय, हे 'निधी' शब्द सांगत नाही. ते क्रियापद सांगतं.

हे मला कुठनं कळलं? दुकान टाकायच्या आधी सात वर्षं एका ठेकेदाराकडं बिलं लिहायला होतो. तिथं सकाळी गेल्या गेल्या एकच प्रश्न, "बीडीएसवर पडलं का?" म्हणजे अर्थसंकल्प वितरण प्रणालीवर रक्कम आली का. प्रशासकीय मान्यता झालेली, तांत्रिक मान्यता झालेली, कार्यारंभ आदेश हातात, निम्मं खडीकरण उरकलेलं, आणि बीडीएसवर काही नाही. असं असलं की मालक चहासुद्धा सांगायचे नाहीत.

आता दाजींची गोष्ट. माझ्या बहिणीचं गाव करवीर तालुक्यातलं, नदीकाठचं. दाजी ग्रामपंचायतीत सदस्य. एका फेब्रुवारीत ते दुकानात आले, बारा बाय आठचा फलक टाक म्हणाले. मजकूर: 'पाणंद रस्त्यासाठी दहा लाखांचा निधी खेचून आणल्याबद्दल जाहीर आभार'. आभार ज्यांचे मानायचे त्यांचा फोटो मोठा, दाजींचा त्याच्यापेक्षा जरा लहान, पण फार नाही. मी कागद मागितला. त्यांनी खिशातनं चार घड्या घातलेलं पत्र काढलं. ते शिफारशीचं पत्र होतं. शेवटची ओळ, 'सदर काम प्रस्तावित करण्यात यावे'. बस्स.

म्हटलं, "दाजी, ह्यात निधी कुठाय? हे नुसतं मागणं आहे."

"आरं, आलाच म्हणायचा की! तू छापायचं बघ, व्याकरण शाळंत शिकव."

शेवटी 'खेचून आणल्याबद्दल' काढून 'मंजूर केल्याबद्दल' इतक्यावर तडजोड झाली. तेही खोटंच होतं, आणि ते मी छापलं. हे मला आजही खातं.

कारण त्या पाणंदीला मुरूम टाकायला शेतकऱ्यांनी वर्गणी काढायचं ठरवलं होतं, एकरी पाचशे. फलक लागला आणि वर्गणी थांबली. "निधी आलाय की, आपण कशाला?" पावसाळा गेला, तोडी आल्या. उसाची ट्रॉली त्याच पाणंदीत चाकाच्या आसापर्यंत रुतली, दोन दिवस तशीच. ऊस वाळला, वजन घटलं, वर दुसरा ट्रॅक्टर लावून ओढायचे पैसे वेगळे. ती ट्रॉली दाजींच्याच चुलत भावाची. मार्च संपल्यावर दाजी गावात सांगायला लागले की निधी 'परत गेला'. जो आलाच नाही तो परत कसा जाईल? तरतूद होऊन खर्च न झालेली रक्कम मार्चअखेर व्यपगत होते, त्याला लोक परत गेला म्हणतात. इथं तरतूदच नव्हती. ह्यावरनं आमचं दिवाळीत जे वाजलं, ते अजून मिटलेलं नाही. फलक आता बहिणीच्या गोठ्यावर ताडपत्रीच्या जागी आहे. छपाईचं बिल मंजूर आहे, वितरित व्हायचंय.

तर, तरतूद म्हणजे अर्थसंकल्पात लिहिलेला आकडा. मंजूर म्हणजे कामाला मान्यता. वितरित म्हणजे पैसे खरंच खाली सोडले. खर्ची पडला म्हणजे बिल निघालं. 'खेचून आणला' हे क्रियापद कुठल्याच शासन निर्णयात नाही. खासदार निधी वर्षाला ५ कोटी, पण त्यातसुद्धा खासदार फक्त शिफारस करतात, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांकडनं होते. ही योजना १९९३ पासनं आहे आणि आभाराचे फलक बहुतेक तेव्हापासनंच.

अनुदान वेगळं. ते कुणालातरी दिलं जातं: शाळेला, ठिबकवाल्याला. नियमित कर्ज फेडणाऱ्यांना ५० हजारांपर्यंत मिळालं ते 'प्रोत्साहनपर अनुदान', त्याला कुणी निधी म्हणालं नाही. वित्त आयोगाच्या शिफारशीनं ग्रामपंचायतीला येणाऱ्या पैशाला मात्र कागदावर अनुदान आणि चावडीत निधी म्हणतात, दोन्ही चालतं. पंधराव्या आयोगात त्यातला ६० टक्के बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छता ह्यांच्यासाठीच. त्यामुळं 'खात्यात पैसे आहेत तर पाणंद का करत नाही' म्हणून ग्रामसेवकाला शिव्या देऊ नका, तो बिचारा बंधित पैशातनं ते करूच शकत नाही.

तुमच्या गावात फलक लागला असेल तर कामाचा लेखाशीर्ष (म्हणजे खर्च सरकारी हिशेबात ज्या सदराखाली पडतो त्याचा क्रमांक) आणि प्रशासकीय मान्यतेचा क्रमांक विचारा. '२५१५ मधनं' असं ठसक्यात सांगणारे भेटतील. २५१५ हा ग्रामविकासाचा लेखाशीर्ष, खराच आहे, पण तो नुसता माहीत असणं म्हणजे निधी नव्हे. ग्रामपंचायतीचा खर्च ई-ग्रामस्वराज ह्या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या दिसतो.

एक राहिलं. दरवेळी पुढारी खोटंच बोलतो असं नाही, मान्यता खरी असते आणि पैसे वर्षभर रखडतात, हेही मी बिलं लिहिताना पाहिलंय. शिवाय जिल्हा परिषदेला जिल्हा नियोजनचा निधी खर्चायला दुसरं वर्षही मिळतं, म्हणून १ एप्रिलला लगेच 'गेला' म्हणून बोंब मारू नका. दाजींच्या बाबतीत मात्र ह्यातलं काहीच लागू नाही, आणि ते हे वाचणार आहेत हे मला माहीत आहे.