लंडन ते टोकियो: 9,600 किमी, मग तिकिटावर चौदा तास का?

तुम्ही विचारलंय की लंडनच्या हीथ्रो विमानतळापासून टोकियोच्या हानेदा विमानतळापर्यंतचं अंतर सगळीकडे 9,600 किमीच्या आसपास दाखवतात, विमान ताशी 900 ने उडतं, म्हणजे पावणेअकरा तासात पोचायला हवं, मग तिकिटावर चौदा तास कसे, चुकून छापलेत का. नाही हो, चूक नाहीये. तुमचा भागाकारही बरोबर आहे, फक्त त्या 9,600 वाल्या वाटेने आता ही विमानं जातच नाहीत.

ते ग्रेट सर्कल अंतर आहे, म्हणजे पृथ्वीच्या गोलावरची सगळ्यात जवळची वाट. घरात ग्लोब असेल तर दोन्ही शहरांवर एक दोरा ताणून धरा, तो आपोआप स्कँडिनेव्हियावरून वर आर्क्टिक वृत्ताच्या पलीकडे सरकतो आणि सैबेरियावरून खाली येतो. पूर्वी विमानं साधारण तशीच जायची आणि साडेअकरा-बारा तासात पोचायची. फेब्रुवारी 2022 मधे युक्रेन युद्ध सुरू झालं, रशियाने ब्रिटिश विमानांना आकाश बंद केलं, जपानी कंपन्याही तिकडून जायचं टाळतात, मग आता तुर्कस्तान, कॉकेशस, कझाकस्तान, चीन असा दक्षिणेकडून वळसा. येताना तर काही विमानं टोकियोहून उलट पूर्वेला निघतात आणि अलास्का, ग्रीनलंडवरून लंडनला येतात! 1957 मधे एसएएस ह्या स्कँडिनेव्हियन विमान कंपनीने कोपनहेगन-टोकियो सुरू केलं तेही अलास्कातल्या अँकरेजला थांबूनच, कारण तेव्हाही सोव्हिएत आकाश बंद होतं.

दुसरं म्हणजे वारा, ह्याकडे लोक अजिबात बघत नाहीत. 900 हा साधारण हवेतला वेग झाला, जमिनीवरचा वेग वाऱ्यावर ठरतो, आणि दहा-बारा किमी उंचीवर जेट स्ट्रीम म्हणजे जोरदार वाऱ्याचा पट्टा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, म्हणून पूर्वेला जाताना वेळ वाचतो आणि पश्चिमेला येताना जास्त लागतो. फेब्रुवारी 2020 मधे न्यूयॉर्कहून निघालेलं एक 747 त्या वाऱ्यावर 4 तास 56 मिनिटात लंडनला पोचलं, एरवी साडेसहा-सात तास लागतात. शिवाय तिकिटावरचा वेळ गेट ते गेट असतो, धावपट्टीपर्यंतची रांग, चढणं-उतरणं सगळं त्यात आलं.

घड्याळाचं मात्र नीट बघा. हिवाळ्यात टोकियो लंडनच्या 9 तास पुढे, उन्हाळ्यात 8, कारण ब्रिटन घड्याळ बदलतं, जपान नाही. जानेवारीत सकाळी 9 ला निघालात आणि 14 तास लागले तर उतराल दुसऱ्या दिवशी सकाळी 8 ला, म्हणजे हॉटेल कोणत्या तारखेपासून घ्यायचं ते आधी ठरवा.

मी स्वतः अंतराच्या वेबसाइटवरून वेळ काढायचं कधीच सोडलं. ज्या फ्लाइट नंबरचं तिकीट काढायचंय त्याचे मागच्या पंधरा दिवसातले खरे वेळ ट्रॅकिंग साइटवर बघते, त्यातला सगळ्यात वाईट दिवस धरून पुढची फ्लाइट निवडते. आणि ती पुढची फ्लाइट नारिताहून, म्हणजे टोकियोच्या दुसऱ्या विमानतळावरून असेल तर तास-दोन तासाचं कनेक्शन मुळीच घेऊ नका, हानेदा ते नारिता साठेक किमी आहे आणि मधे बॅगा घेऊन बाहेर पडावं लागतं.