अमेरिकेचं स्पेस शटल 2011 मध्ये कायमचं बंद झालं तेव्हा तुम्हाला काय वाटलं? आणि भारतानं तसं यान बनवावं का?

वाईट वाटलं आणि सुटल्यासारखंही वाटलं. दोन्ही एकाच दुपारी, साडेतीनच्या सुमाराला.

21 जुलै 2011, गुरुवार. कोल्हापुरात उद्यमनगरात आमची शेड होती, अजून आहे. केबिनमध्ये क्रिकेटसाठी आणलेला छोटा टीव्ही. त्यावर शेवटचं शटल अटलांटिस, परत परत उडवायचं म्हणून बनवलेलं पंखवालं यान, फ्लोरिडात उतरत होतं, तिथं अजून उजाडायचं होतं. इकडं पाऊस कोसळत होता आणि शेडच्या दाराला भंगारवाल्याचा टेम्पो मागनं लावलेला. माझा थोरला भाऊ त्यात आबांच्या इंजिनाचे लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, भरत होता. क्रँककेसचा, सिलिंडर हेडचा, सगळ्यात शेवटी फ्लायव्हीलचा, कारण तो दोघांनी उचलावा लागायचा. मी उठलो नाही म्हणून त्यानं टेम्पोवाल्याला हाताशी घेतलं.

चाकं टेकली तशा तिकडं टाळ्या सुरू झाल्या. दादा ओल्या अंगानं दारातनं डोकावला. "बंदच करायचं हुतं तर टाळ्या कशाला वाजवाय लागल्यात?" एवढं बोलून परत टेम्पोकडं.

माझं मत सरळ सांगतो. शटल बंद करायलाच हवं होतं, उलट उशीर झाला. ते गळी उतरवताना नासानं सांगितलं होतं की उतरल्यावर दोन आठवड्यांत परत उडेल, म्हणून स्वस्त पडेल. प्रत्यक्षात सगळ्यात झटपट परतफेरी 1985 मध्ये अटलांटिसनंच केली. दोन उड्डाणांत 54 दिवस. पुढं 2011 पर्यंत तो आकडा कुणाला खाली आणता आला नाही. दर फेरीनंतर मुख्य इंजिनं उतरवून तपासायची, अंगावरच्या, उष्णता अडवणाऱ्या वीस हजारांवर टाइल्स एकेक करून बघायच्या. टाइलही अशा, की एकीचा आकार दुसरीला नाही, प्रत्येकीवर तिचा नंबर. आमच्या भाषेत याला ओव्हरहॉलिंग म्हणतात.

हे मला कळतं कारण आमच्या घरात तेच चालायचं. आबा आठ हॉर्सपॉवरचं स्लो स्पीड डिझेल इंजिन बनवायचे, गुऱ्हाळवाले गिऱ्हाईक. "एकदा न्या, नातू वापरंल," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नातू वापरायचाही. फक्त दर हंगाम संपला की हेड उतरवा, रिंगा बदला, नोझल बघा, आणि चार हंगामांनी रिबोअर. त्या खर्चाची बेरीज आबांनी गिऱ्हाइकाला कधी सांगितली नाही. स्वतः तरी केली होती का, देव जाणे.

पण आबांचा एक गुण होता. इंजिन सुरू असताना ते लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचे आणि मूठ कानाला लावून डोळे मिटायचे. आवाजात जरा खर आली की इंजिन बंद. गिऱ्हाईक कितीही घाईत असू दे.

1 फेब्रुवारी 2003 ला, शनिवारी संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला कोलंबिया शटल अवकाशातनं परतताना तुटलं. सात जण गेले, त्यात आपली कल्पना चावला. त्या रात्री आमच्याकडं कुणी नीट जेवलं नाही. नंतर कारणं बाहेर आली. उड्डाणानंतर 82 सेकंदांनी इंधनाच्या बाहेरच्या टाकीवरचा फोमचा तुकडा, पाऊण किलोच्या आसपासचा, डाव्या पंखाच्या कडेवर आदळला होता. यान सोळा दिवस वर होतं. नासातल्या इंजिनिअरांनी पंखाचे फोटो काढून घ्या म्हणून मागणी केली, त्यांच्या साहेबांनी ती मोडीत काढली. फोम आधीही पडायचा, दरवेळी यान सुखरूप यायचं, म्हणून चालतंय की! आबांना हे पेपरातनं वाचून दाखवलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "खर आली हुती. कोण ऐकलं न्हाई."

चॅलेंजर शटलचंही 1986 मध्ये तसंच झालं होतं. थंडीत रॉकेटचा सांधा बंद ठेवणारी रबरी ओ-रिंग ताठरली. आदल्या रात्री इंजिनिअर नको म्हणत होते, तरी उडवलं, 73 सेकंदांत संपलं. पाच यानांपैकी दोन गेली, 135 फेऱ्यांत चौदा माणसं. जे म्हणतात शटल अजून दहा वर्षं चालवायला हवं होतं, त्यांनी हे आकडे एकदा मोठ्यानं वाचावेत.

मग वाईट कशाचं वाटलं? पुढचं तयार नसताना शटर ओढलं याचं. बंद करायचं 2004 मध्येच जाहीर झालं होतं, सात वर्षं हातात होती. बदली म्हणून जो कॉन्स्टेलेशन कार्यक्रम काढला तो 2010 मध्ये गुंडाळायला घेतला. अटलांटिस उतरलं त्या दिवसापासून 30 मे 2020 पर्यंत अमेरिकेला आपल्या जमिनीवरनं एक माणूस कक्षेत पाठवता आला नाही. चंद्रावर जाऊन आलेला देश रशियाच्या सोयूझ यानात तिकीट काढून बसत होता, आणि शेवटी शेवटी एका सीटचे आठ कोटी डॉलरच्या वर मोजत होता. गरजवंताला भाव करता येत नाही.

दादानंही नेमकं तेच केलं. इंजिन बंद कर, माझं काही म्हणणं नव्हतं (होतं, पण ते सोडा). पण आधी दुसरं काम धर, मग पॅटर्न विक. यानं उलट केलं. त्यानंतर चौदा महिने आम्ही दुसऱ्यांच्या कारखान्यांसाठी बुश टर्न करत बसलो, नगावर पैसे, तेही दोन-दोन महिन्यांनी. तीन कारागीर सोडून गेले. त्यातला एक असा होता की नुसत्या बोटानं लायनरचा ओव्हल, म्हणजे सिलिंडर किती लंबगोल झिजलाय ते, सांगायचा. शटलवर काम करणारीही हजारो माणसं तेव्हा घरी गेली. अशी माणसं परत बोलावली की येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी एखादा वर्कशॉप चालवून बघावा.

आता दादाच्या बाजूनंही लिहितो, नाहीतर तो इथं येऊन स्वतः लिहील. शेवटच्या वर्षी आमची अकरा इंजिनं खपली होती. गुऱ्हाळं विजेच्या मोटारीवर गेली होती, बरीचशी तर बंदच पडली होती. पुढं ट्रॅक्टरच्या पार्टचं काम त्यानंच आणलं आणि आज घर त्यावर चालतं. आणि शटलमुळं हबल दुर्बीण वर गेली, 1993 मध्ये माणसं जाऊन ती दुरुस्त करून आली, आंतरराष्ट्रीय अवकाश स्टेशनचे मोठे भाग वर चढले, हेही खरंच. भंगार म्हणून हिणवण्यासारखं ते यान नव्हतं.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न. बनवावं. इस्रो बनवतेच आहे. 2 एप्रिल 2023 ला चित्रदुर्गजवळ, म्हणजे आमच्याच पुणे-बेंगळुरू हायवेच्या पट्ट्यात, हेलिकॉप्टरमधून साडेचार किलोमीटर उंचीवरनं सोडलेलं पंखवालं यान आपलं आपण धावपट्टीवर उतरलं. त्यात माणूस नव्हता आणि ते अवकाशातनं आलेलं नव्हतं, तेव्हा अजून बरंच बाकी आहे. ज्यांना त्यातलं जास्त कळतं त्यांनी लिहावं.

तो व्हिडिओ मला दादानंच मोबाईलवर दाखवला. रविवार होता. दोनदा बघितला, मग म्हणाला, "लेका, हे उतरल्यावर परत उडवाय किती दिवस लागत्यात?"

मी म्हटलं, ते सांगतो, आधी फ्लायव्हीलच्या पॅटर्नचे किती आले होते ते सांग.

अजून सांगितलेलं नाही.