रायगडावरच्या वाघ्याबद्दल, बेळगावातून

तुम्ही विचारलंय, "रायगडावरची वाघ्या कुत्र्याची समाधी काढून टाकावी का? आणि कर्नाटकात राहून तुम्हा लोकांना या वादाचं काय पडलंय?" दुसऱ्या प्रश्नात जरा टोचणी आहे, असू दे. आधी त्याचंच उत्तर देतो.

बेळगावात शिवजयंती वैशाखात असते, तिथीनं. नरगुंदकर भावे चौकातून चित्ररथ निघतात ते दुसऱ्या दिवशी उजाडलं तरी रस्त्यावरच असतात. मी सातवीत असताना आमच्या गल्लीच्या मंडळानं महाराजांच्या अंत्यविधीचा देखावा केला होता. लाल कागदाच्या झिरमिळ्यांची चिता, तिच्याखाली टेबल फॅन आणि दोन बल्ब. महाराजांच्या चितेत उडी घेतली असं सांगतात तो वाघ्या म्हणून गल्लीतलंच एक तांबडं कुत्रं धरून आणलेलं. मी मावळा होतो आणि मला काम एकच, त्याची दोरी धरायची. पुढच्या मंडळाचे ढोल वाजायला लागले तशी वाघ्यानं उडी मारली, चितेच्या बरोब्बर उलट्या दिशेनं. दोरीसकट मीही ट्रॉलीवरून खाली. गुडघ्यावरचा वण अजून आहे.

त्या देखाव्याच्या बैठकीत आमच्या गुरुजींनी एकदाच विचारलं होतं, "अरे, हे कुत्र्याचं कुठं लिहिलेलं आहे?" मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "गुरुजी, कुत्रं खरं होतं का नव्हतं म्हाइत नाही, खरं देखावा उठून दिसतोय की ओ!" (आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'सुद्धा. तुमच्याकडचे पाहुणे इथं पहिल्यांदा गोंधळतात.) गेली काही वर्षं महाराष्ट्रात जो वाद चाललाय, तो मला अजून या एका वाक्याच्या पलीकडं गेलेला दिसत नाही.

आता गडावर नक्की काय आहे ते बघू. महाराज 3 एप्रिल 1680 रोजी रायगडावर गेले. राजवाड्याचे आज जोतेच उरलेत, कारण 1818 मध्ये इंग्रजांच्या तोफांनी गड पेटला. जगदीश्वराच्या देवळापलीकडं महाराजांची अष्टकोनी समाधी आहे आणि तिच्या जवळच उंच दगडी चौथऱ्यावर हा कुत्रा. तो बसवला 1936 मध्ये, इंदूरच्या तुकोजीराव होळकरांच्या देणगीतून. म्हणजे महाराज गेल्यावर 256 वर्षांनी. सभासदाची बखर महाराजांना ओळखणाऱ्या माणसानं लिहिलेली. तिच्यात चितेत उडी घेणारं कुत्रं नाही. इतिहासाच्या बाजूनं एवढंच, आणि ते पुरेसं स्पष्ट आहे. आमचे गुरुजी बरोबर होते.

ऑगस्ट 2012 मध्ये संभाजी ब्रिगेडच्या कार्यकर्त्यांनी पुतळा उपटून दरीत टाकला. तो शोधून पुन्हा बसवला गेला. मग मार्च 2025 मध्ये कोल्हापूरच्या संभाजीराजेंनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून 31 मेच्या आत हे अतिक्रमण हटवा म्हणून मागणी केली. धनगर समाजाचे नेते विरोधात उभे राहिले, कारण स्मारकामागं होळकरांचं नाव आहे. मुदत उलटली, वाघ्या जागेवरच. आणखी एक बारीक मेख आहे: कायद्यानं शंभर वर्षं पुरी झालेली वास्तू प्राचीन स्मारक ठरू शकते. 2036 काही लांब नाही. काढायची घाई आणि राखायची घाई, दोन्हींच्या मागं मला तरी हे साल दिसतं.

हटवा म्हणणारे एक शब्द वापरतात, 'अनधिकृत'. तो शब्द आम्हाला इथं वेगळा ऐकू येतो.

2014 मध्ये बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या वेशीवरचा 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेला फलक पाडला, तो अनधिकृत म्हणूनच. ऑगस्ट 2020 मध्ये पिरनवाडीत शिवाजी महाराजांच्या पुतळ्याजवळ एका रात्रीत कन्नड वीर संगोळ्ळी रायण्णाचा पुतळा उभा राहिला. तेव्हा आम्ही मराठी माणसं 'परवानगी कुठाय' म्हणून विचारत होतो. शेवटी बसून मिटलं: चौक महाराजांच्या नावाचा, पुतळा रायण्णाचा. दोन्ही आज तिथं आहेत. फलक आमचा असला की भावना आणि पुतळा दुसऱ्याचा असला की परवानगी, असं आम्हीही केलंय. म्हणून रायगडाच्या बाबतीत मला तो शब्द तोंडात घ्यायला जड जातो.

रायण्णाचं नाव आलंच आहे तर नंदगडचं सांगतो. खानापूर तालुका, बऱ्यापैकी मराठी मुलूख. कित्तूरच्या राणी चन्नम्माच्या या शिलेदाराला इंग्रजांनी 26 जानेवारी 1831 रोजी तिथं फाशी दिली. त्याला पुरलं तिथं एका साथीदारानं वडाचं रोप लावलं असं सांगतात. त्या वडाला लोक पाळणे बांधतात, मूल व्हावं म्हणून. त्यात कन्नड बायका असतात तशा मराठीही. कुठल्या खात्याला विचारून कोणी पाळणा बांधला नाही. रायण्णा कुरुब, म्हणजे आपल्याकडचा धनगरच म्हणा. वाघ्याला हात लावू नका म्हणणाऱ्या महाराष्ट्रातल्या धनगरांचं म्हणणं मला इथं बसून चटकन कळतं ते त्यामुळं. त्यांना पुतळ्यात कुत्रा कमी आणि होळकर जास्त दिसतो.

"कुत्र्याची कसली समाधी?" हा सूर मात्र मला अजिबात पटत नाही. कर्नाटकात आतकूरचा शिलालेख आहे, दहाव्या शतकातला. राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णानं चोळांना तक्कोलमला हरवलं, तेव्हा त्याच्या बाजूनं लढलेल्या गंग राजा बूतुगाच्या मणलेर नावाच्या वीराला विचारलं, काय हवं ते माग. त्यानं राजाचं 'काळी' नावाचं शिकारी कुत्रं मागितलं! पुढं ते कुत्रं रानडुकराशी झुंजताना मेलं, डुक्करही मेलं. मणलेरानं देवळासमोर वीरगळ उभारला, त्यावर कुत्रा आणि डुक्कर कोरले, पूजेसाठी जमीन लावून दिली. तो दगड आज बंगळूरच्या सरकारी संग्रहालयात आहे. तेव्हा राजेलोकांच्या देशात कुत्र्याला दगड मिळणं ही काही विटंबना नाही. फरक एवढाच की काळीचा दगड तिला ओळखणाऱ्यानं उभारला. वाघ्याला ओळखणारा कोणी आपल्याला माहीत नाही.

माझं मत विचाराल तर काढू नये. पण आहे तसंही ठेवू नये. मी तीनदा गड चढलोय. दर वेळी समाधीपाशी पोचल्यावर पोरांची नजर आधी कुत्र्याकडं जाते, फोटोही त्याचेच जास्त, कारण चौथराच तेवढा उंच आहे. हे मला खटकतं आणि इथं हटवा म्हणणाऱ्यांचा मुद्दा सरळ मान्य करतो. शिवाय मागच्या खेपेला शेजारच्या घोळक्यातला एक वाटाड्या उडीची गोष्ट सांगत होता, "स्वतः मासाहेबांनी पाहिलं" म्हणून. जिजाऊ महाराजांच्या आधी सहा वर्षं, 1674 मध्येच गेल्या होत्या. मी बोललो नाही. पोरं इतकी रंगून ऐकत होती की धीर झाला नाही, आणि दोरी धरून मी तरी काय वेगळं केलं होतं?

पुतळा समाधीपासून थोडा लांब, कमी उंचीच्या चौथऱ्यावर न्यावा. दिवसाढवळ्या, होळकरांकडचे आणि कोल्हापूरचे दोन्हीकडचे लोक समोर उभे करून. पिरनवाडीला जमलं ते रायगडावर का जमू नये? आणि खाली पाटी लावावी: "हे शिल्प 1936 मध्ये होळकर संस्थानाच्या देणगीतून उभारले. या कुत्र्याचा समकालीन साधनांत उल्लेख सापडत नाही. लोक त्याला वाघ्या म्हणतात."

मजकूर कन्नडमध्येही हवा असेल तर मी फुकट करून देईन. आम्हाला पाट्या दोन्ही लिप्यांत वाचायची सवय आहे.