वर्षभराचाही संसार नाही, मग खावटी कशाची?

प्रश्न : नमस्कार ताई, माझं माहेर पारोळा तालुक्यात, सासर रावेरकडे. लग्नाला १४ महिने झाले, त्यातले जेमतेम ७ महिने मी सासरी होते, मग भांडणं झाली आणि मला माहेरी आणून सोडलं ते परत न्यायला कोणी आलंच नाही. मूलबाळ नाही. मी डीएड केलंय पण नोकरी नाही. नवरा वडिलांसोबत केळी करतो, सातबारा सासऱ्यांच्या नावावर. आता बैठक बसवून म्हणताहेत की १०० च्या स्टॅम्पवर फारकत लिहून दे, ५० हजार घे आणि मोकळी हो. दागिने तिकडेच आहेत. माझे काकासुद्धा म्हणतात कोर्टात जाऊन तुले काय भेटी, ना लेकरू ना संसार. सही करू का?

उत्तर : ताई, सही करू नका, बाकीचं सावकाश वाचा.

तो स्टॅम्प म्हणजे घटस्फोट नव्हे. हिंदू विवाह कायद्यात लग्न मोडतं ते कोर्टाच्या हुकुमानं. समाजाच्या रूढीनं होणारी फारकत कायदा मानतो, पण तशी रूढी आहे हे पुराव्यानं दाखवावं लागतं आणि ते भल्याभल्यांना जमत नाही. मला भीती वेगळीच वाटते. असल्या कागदात हमखास एक ओळ टाकतात, 'आम्ही उभयता राजीखुशीने विभक्त राहत आहोत.' दिसायला साधी, पण खावटीच्या, म्हणजे पोटगीच्या कलमात (पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२५, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १४४) लिहिलंय की दोघं आपसात ठरवून वेगळे राहत असतील तर बायकोला खावटी नाही. म्हणजे तुम्हाला आणून सोडलं ते राहिलं बाजूला, आणि कागदावर तुम्ही खुशीनं आलात! तुम्ही 'मला न्यायला या' असे मेसेज केले असतील तर ते डिलीट करू नका, कारण ती स्वतःच निघून गेली हे समोरून येणारच.

आता काकांचं. लेकरू असलं तरच खावटी असं कुठल्याच कलमात नाही. संसार किती टिकला हे कोर्ट बघतं, २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलेल्या मुद्द्यांत लग्नाचा काळ आहेच, त्यामुळे खोटी आशा लावत नाही, ७ महिन्यांच्या संसारावर एकरकमी घबाड मिळणं अवघड. रक्कम कमी होईल, हक्क जात नाही. पगाराच्या २५ टक्के वगैरे जे लोक सांगतात ते २०१७ च्या एका निकालातलं, तो काही सगळ्यांना लागू दर नाही, आणि केळीला पगार कुठं असतो?

सातबारा वडिलांचा, माझं काही नाही, असं नवरा म्हणेल. धडधाकट माणसाचं हे रडगाणं कोर्ट सहजी ऐकत नाही. जमीन वडिलोपार्जित असेल तर जुने उतारे, फेरफार काढा, पीकपेऱ्यात केळी किती लावलीय ते बघा. उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र दोघांनाही द्यावं लागतं, तुम्ही ट्यूशन घेत असाल तर तेही खरं लिहा. डीएड आहे म्हणून खावटी अडत नाही, कमवू शकणं वेगळं आणि कमावणं वेगळं हे सुप्रीम कोर्टानंच म्हटलंय.

अर्ज माहेरच्या भागातल्या कोर्टात करता येतो, रावेरला खेटे घालायची गरज नाही. अंतरिम खावटीचा, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या खावटीचा अर्ज नोटीस पोचल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असं कायदा म्हणतो (शक्यतो हा शब्द लक्षात ठेवा). मंजूर झाली की रक्कम अर्जाच्या तारखेपासून धरतात. तुम्ही दुसरं लग्न केलं तर मात्र खावटी थांबते.

दागिन्यांचा हिशोब वेगळा. ते स्त्रीधन, सासरकडून अंगावर घातलेलंसुद्धा, आणि १९८५ पासून सुप्रीम कोर्ट सांगतंय की ते बाईचं एकटीचं. सराफाची बिलं, लग्नाचे फोटो शोधून यादी करा, आणि त्या ५० हजारात सोनं धरलंय का हे बैठकीत सगळ्यांसमोर विचारा, बघा कोण उत्तर देतं.

तुम्हालाही वेगळंच व्हायचं असेल तर संमतीनं घटस्फोटाचा मार्ग आहे, पण त्याला वर्षभर वेगळं राहिलेलं लागतं, म्हणजे तुम्हाला अजून ५ महिने. तोवर अंतरिम खावटीचा अर्ज टाकून ठेवा. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. आधार कार्ड, लग्नपत्रिका आणि त्या स्टॅम्पच्या मसुद्याचा फोटो मिळाला तर तोही सोबत न्या.