जर्नल्स विकणाऱ्या एजंटला कोटेशन मागायच्या आधी

कॉलेज ग्रंथपालाच्या नवीन नोकरीबद्दल अभिनंदन! कॉलेज अनुदानित असेल तर पहिल्या दिवशी एकच बघा: गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटच्या (ग्रंथालयांना जोडणारी केंद्रीय संस्था) एन-लिस्टचं, म्हणजे कॉलेजांना ई-जर्नल्स पुरवणाऱ्या योजनेचं, सभासदत्व चालू आहे का? हजारो कॉलेजं एकत्र आहेत आणि मोठा खर्च केंद्र सरकार उचलतं, म्हणून किरकोळ वार्षिक शुल्कात ६,०००वर ई-जर्नल्स (ऑनलाइन संशोधन-नियतकालिकं) मिळतात.

नवख्यांच्या चुका ठरलेल्या:

- एन-लिस्टवर आहे तेच पुन्हा विकत घेणं. मीही केलंय, प्राचार्यांनी बिल पुढ्यात ठेवलं तेव्हा घाम फुटला.
- प्राध्यापक-विद्यार्थ्यांची नावं पोर्टलवर न चढवणं. लॉगिनच नाही तर वापरणार कोण? मग वापराचा आकडा शून्य, आणि ग्रंथालय समिती पुढच्या वर्षी हात आखडते.

सरकारी संस्था असेल तर २०२५ पासूनची केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही जर्नल्सची योजना बघा: ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नल्स. परवान्याच्या अटींचं नंतर बोलू.