युव्हायटिस (डोळ्याच्या आतल्या थराची सूज) आहे आणि रिपोर्टमध्ये ‘एव्हीआर ०.६१, शिरा रुंद’ असं आलंय. म्हणजे सूज वाढली का?

एवढ्या एका आकड्यावरून तसं म्हणता येत नाही. एव्हीआर म्हणजे डोळ्याच्या पडद्यावरच्या (रेटिनावरच्या) धमन्यांची रुंदी भागिले शिरांची रुंदी. समजा धमन्या १५० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि शिरा २२० आहेत, तर उत्तर ०.६८. शिरा फुगून २४५ झाल्या तर ०.६१. पण शिरा २२०च राहून धमन्या १३४ वर आकसल्या तरीही ०.६१च! पहिला प्रकार सुजेत दिसू शकतो, दुसरा जुन्या रक्तदाबात. म्हणून मी गुणोत्तराकडे फारसं बघत नाही. दोन्ही रुंद्या वेगवेगळ्या मागून घ्या. सुजेच्या दृष्टीने शिरांचा आकडा महत्त्वाचा.

हा आकडा येतो असा: ऑप्टिक डिस्कच्या (पडद्यावर डोळ्याची नस जिथे सुरू होते त्या गोल भागाच्या) कडेपासून अर्धा ते एक डिस्क-व्यास एवढ्या पट्ट्यात सहा सगळ्यात जाड शिरा मोजतात. सगळ्यात रुंद आणि सगळ्यात अरुंद यांची जोडी लावायची, दोघींच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ काढायचं आणि त्याला ०.९५ ने गुणायचं (धमन्यांसाठी ०.८८). १२० आणि ९० ची जोडी असेल तर वर्गमूळ १५०, उत्तर १४२.५. एकच संख्या उरेपर्यंत हेच करत राहायचं. मायक्रॉन मात्र कॅमेरा थेट देत नाही. फोटोतल्या पिक्सेलवरून, डोळ्याची लांबी साधारण गृहीत धरून ते काढलेले असतात. मायनस नंबर मोठा असेल तर इथेच चूक शिरते.

युव्हायटिसमध्ये आणखी एक अडचण. आतला द्रव गढूळ असला की फोटो धूसर येतो, रक्तवाहिनीच्या कडा पसरतात आणि रुंदी बहुधा जास्तच भरते. म्हणजे सूज आहे म्हणून आकडा वाढला, पण शीर रुंद झाली म्हणून नव्हे. शिवाय नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर रुंदी थोडी बदलते, त्यामुळे एकाच फोटोतल्या चार-पाच मायक्रॉनच्या फरकाला अर्थ नाही.

सुजेत शिरा रुंदावतात हे खरंच आहे. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम अभ्यासात रक्तात पांढऱ्या पेशी जास्त असलेल्यांच्या शिरा सरासरीने रुंद निघाल्या. पण धूम्रपान करणाऱ्यांच्याही निघाल्या, आणि मधुमेहातही त्या रुंदावतात. हजारो लोकांच्या सरासरीत दिसणारा फरक एका पेशंटच्या एका डोळ्यावर लावता येत नाही.

उलट बाजूही लक्षात ठेवा. शिरांचा दाह अनेकदा पडद्याच्या कडेला आणि तुकड्या-तुकड्यांत असतो. ईल्स आजारात (पडद्याच्या शिरांना सूज येणारा एक आजार) तर मुख्यतः कडेलाच. डिस्कजवळचा आकडा नॉर्मल आला म्हणून व्हॅस्क्युलायटिस (रक्तवाहिन्यांचा दाह) नाही असं ठरत नाही. ते बघायला फ्लुरोसीन अँजिओग्राफी (शिरेतून डाय टोचून काढलेले पडद्याचे फोटो) लागते, शक्यतो कडेपर्यंतचा भाग टिपणारी. पडद्यावरच्या शिरेतून डाय झिरपतोय का, भिंत रंगते का, हे त्यात दिसतं. मॅक्युलाची (पडद्याच्या मधल्या भागाची) सूज ओसीटीवर, म्हणजे पडद्याच्या थरांच्या स्कॅनवर, दिसते.

रुंदीचा उपयोग करायचाच असेल तर तुलनेसाठी करा: तोच डोळा, तोच कॅमेरा, तेच सॉफ्टवेअर, डिस्क मध्यावर ठेवून बाहुली मोठी करून घेतलेले दोन-तीन स्वच्छ फोटो आणि त्यांची सरासरी. द्रव स्वच्छ झाल्यावरचा फोटो आधार म्हणून जपून ठेवा. या आकड्यावरून स्टिरॉइडचा डोस स्वतः वाढवू किंवा कमी करू नका. नजर अचानक धूसर झाली किंवा काळे ठिपके एकदम वाढले, तर रिपोर्ट काहीही म्हणो, त्याच दिवशी डोळे दाखवा.